बाजाराची चढाओढ आणि विद्येचे भांडवल



आठवड्याच्या बाजाराहून परतणाऱ्या मंडळींच्या बोलण्यात एक तक्रार हमखास ऐकू येते : "बाहेरचा माल आला आणि आमचा भाव पडला." ही तक्रार खोटी नसते. वर्षभर घाम गाळून पिकविलेला जिन्नस मातीमोल भावाने देऊन रिकाम्या पिशव्या घेऊन घरी येण्याचे दुःख ज्याने भोगले आहे, त्याला बाजार हा शत्रूच वाटला तर नवल नाही.

त्याच घरात, त्याच संध्याकाळी, दुसराही एक प्रश्न निघतो. मुलगा आठवीत गेलेला असतो, गोठ्यात दोन म्हशी असतात, आणि वडील म्हणतात, "आणखी शिकून याला काय मिळणार? उद्या डेअरीत दूधच घालायचे ना?" मुलीच्या बाबतीत तर हा प्रश्न आणखी लवकर विचारला जातो.

पहिली तक्रार बाजाराविषयी आणि दुसरा प्रश्न शाळेविषयी. वरवर पाहता या दोहोंचा परस्परांशी काही संबंध दिसत नाही. परंतु देशांची संपत्ती कशी वाढते याचा शोध घेणाऱ्या विद्वानांना असे आढळून आले आहे की, बाजारातील चढाओढ आणि माणसाची विद्या हे एकाच जोखडाला जुंपलेले दोन बैल आहेत. एक बसला की दुसऱ्याने कितीही जोर केला तरी गाडी हलत नाही. हे तत्त्व पुस्तकी शब्दांत सांगण्यापेक्षा एका लहानशा देशाची गोष्ट सांगतो. ही गोष्ट शेतकऱ्यांची आहे आणि लोण्याची आहे.

पराभूत देश, पडलेले भाव

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक चिमुकला देश. कोळशाच्या वा लोखंडाच्या मोठ्या खाणी त्याला लाभल्या नव्हत्या. १८१३ मध्ये त्याच्या सरकारी तिजोरीचे दिवाळे निघाले. १८१४ मध्ये नॉर्वे त्याच्या हातून गेला. पुढे १८६४ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात श्लेस्विग, होल्स्टाइन व लाउएनबुर्ग हे प्रांतही गेले. उरला तो शेतकऱ्यांचा एक लहान, खचलेला देश.

त्या काळी डेन्मार्क धान्य पिकवून परदेशी विकत असे. परंतु १८७० नंतर अमेरिकेच्या अफाट माळरानांवर आगगाड्या पोहोचल्या आणि आगबोटींनी समुद्रप्रवास स्वस्त केला. अमेरिकेचा व रशियाचा गहू युरोपच्या बंदरांत येऊन पडू लागला. ज्या भावात डेन्मार्कच्या शेतकऱ्याला धान्य पिकविणेही परवडत नव्हते, त्या भावात ते दारात येऊन विकले जाऊ लागले. युद्धातील पराभवाने पोळलेल्या देशाच्या दृष्टीने हा दुष्काळातला तेरावा महिनाच होता.

आता करावे काय? एक वाट सर्वांना दिसत होती. परदेशी धान्यावर जबर जकात बसवावी आणि आपले भाव टिकवावे. जर्मनीने १८७९ मध्ये हीच वाट धरली आणि पुढे फ्रान्सनेही धरली. डेन्मार्कने मात्र दार उघडेच ठेवले. तेथील शेतकऱ्यांनी असा विचार केला की, धान्य स्वस्त झाले आहे ना, मग ते विकायचे कशाला? विकत घेऊन गायींना आणि डुकरांना चारू या. समोर इंग्लंड आहे. तेथे कारखान्यांतील कामगारांची मजुरी वाढत आहे आणि त्यांना सकाळच्या पावाबरोबर लोणी व खारविलेले डुकराचे मांस हवे आहे. ते आपण पुरवू.

विचार उत्तम होता. परंतु वाचकहो, विचार करणे आणि तो तडीस नेणे यांत फार अंतर असते. अडचण खुद्द लोण्यातच होती.

दोन प्रकारचे लोणी

त्या देशात दोन प्रकारचे लोणी विकले जाई. एक मोठ्या जमीनदारांच्या वाड्यांवरचे. तेथे शेकडो गायी असत, थंड व स्वच्छ दूधघरे असत, आणि कोणत्या गायीने काय खाल्ले, किती दूध दिले, त्यातून लोणी किती निघाले याचा हिशेब वहीत लिहिला जाई. या लोण्याला भाव चांगला मिळे. दुसरे लोणी गरीब कुणब्याच्या घरचे. त्याच्याकडे दोन-चार गायी. दूध पसरट भांड्यांत ओतून साय वर येण्याची वाट पाहायची, आणि घुसळण्याजोगी साय साठेपर्यंत पहिली साय आंबून जायची. दहा घरच्या लोण्याला दहा चवी. व्यापारी ते सारे एकत्र कालवी आणि पडत्या भावाने विके. इंग्लंडमधील दुकानदाराला तर प्रत्येक आठवड्यास एकाच चवीचा, एकाच रंगाचा माल हवा असे.

गरिबांनी आपले दूध एकत्र करावे, हे सुचायला सोपे होते. परंतु गाडीतून धक्के खात आलेल्या दुधावर साय नीट धरत नाही. म्हणून ते शक्य होत नव्हते. १८७८ मध्ये वेगाने फिरून दुधातून साय अखंड वेगळी करणारी यंत्रे स्वीडन व डेन्मार्क या दोन्ही देशांत तयार झाली, आणि ही अडचण दूर झाली. आता गावोगावचे दूध गाडीने आणावे, यंत्रात घालावे, साय काढावी आणि उरलेले दूध वासरांसाठी व डुकरांसाठी ज्याचे त्याला परत द्यावे, हे साधले.

१८८२ मध्ये पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यातील शेतकऱ्यांनी मिळून स्वतःचे दुग्धालय उभारले. यंत्रासाठी लागणारे कर्ज सर्वांनी सामाईक जबाबदारीवर काढले. म्हणजे एकाने बुडविले तर बाकीच्यांनी भरायचे. नफा वाटायचा तो ज्याने जितके दूध घातले त्या प्रमाणात. आणि डेन्मार्कमधील अशा संस्थांचा सर्वसाधारण नियम असा झाला की, मत द्यायचे ते माणशी एक. शंभर गायींच्या धन्याला एक मत आणि दोन गायींच्या कुणब्यालाही एकच मत. "गाव करील ते राव काय करील" ही आपली म्हण त्या लोकांना ठाऊक नव्हती, परंतु ती त्यांनी खरी करून दाखविली. विसावे शतक उजाडले तेव्हा त्या एवढ्याशा देशात अशी सुमारे एक हजार सहकारी दुग्धालये उभी होती.

डुकरांच्या बाबतीतही असेच घडले. १८८७ मध्ये रोगाच्या कारणावरून जर्मनीने डेन्मार्कची जिवंत डुकरे घेणे बंद केले. त्याच वर्षी होर्सेन्स या गावी शेतकऱ्यांनी आपला पहिला सहकारी कत्तलखाना काढला आणि तयार मांस इंग्लंडला पाठविण्यास आरंभ केला. एक दार बंद होताच रडत न बसता ते दुसऱ्या दाराशी गेले.

हे त्यांना जमले कसे?

यंत्र तर कोणीही विकत घेऊ शकत होता. मग ते डेन्मार्कच्या खेडुतांच्याच हाती इतके फळले कसे? येथे आपण विद्येकडे येतो.

१८१४ च्या कायद्याने डेन्मार्कमध्ये प्रत्येक मुलामुलीला सात वर्षे शिक्षण देणे बंधनकारक झाले होते. म्हणजे १८८२ मध्ये जो शेतकरी कर्जाच्या कागदावर सही करीत होता, तो स्वतः वाचून सही करीत होता, आणि त्याच्या बापालाही वाचता येत होते. अशा माणसाला फसविणे कठीण असते. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की, आपण फसविले जाऊ ही धास्ती नसल्याने तो इतरांबरोबर भागीदारी करावयास तयार होतो.

या प्राथमिक शाळांच्या जोडीला आणखी एक संस्था उदयास आली. निकोलाय ग्रुंटविग (१७८३–१८७२) हे लुथरपंथीय पाळक व विख्यात गीतकार. खेड्यातील तरुणांसाठी अशी शाळा असावी, की जिच्यात परीक्षा नसेल, घोकंपट्टी नसेल, आणि जेथे इतिहास, वाङ्मय, गायन व मोकळी चर्चा यांनी मन जागे होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. असे पहिले लोकविद्यालय १८४४ मध्ये रॉडिंग येथे निघाले. १८६४ च्या पराभवात ते गाव प्रशियाकडे गेले, तेव्हा तेथील शिक्षकांनी नव्या सीमेच्या अलीकडे येऊन १८६५ मध्ये आस्कोव्ह येथे आपले काम पुन्हा सुरू केले. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुण काही महिने तेथे राहावयास जात. मुलींसाठी उन्हाळ्यात वर्ग भरत. लोणी कसे करावे हे तेथे मुख्यत्वे शिकवीत नसत. परंतु चारचौघांत उभे राहून बोलावे कसे, दुसऱ्याचे ऐकून घ्यावे कसे, सभा चालवावी कशी, हे तेथे अंगवळणी पडे. पुढे दुग्धालयांच्या सभांतून हीच शिदोरी उपयोगी पडली, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

शास्त्रीय ज्ञानाचीही जोड होतीच. कोपनहेगनच्या शेतकी महाविद्यालयातील प्राध्यापक एन. जे. फ्योर्ड यांनी साय काढण्याच्या निरनिराळ्या पद्धती प्रत्यक्ष दुग्धालयांत जाऊन ताडून पाहिल्या. दुधातील स्निग्धांश, ज्याला आपण डेअरीत 'फॅट' म्हणतो, तो मोजण्याचे साधन त्यांनी तयार केले. त्यामुळे पाणी घालणाऱ्याला आणि कसदार दूध देणाऱ्याला सारखाच दाम, हा अन्याय मिटविण्याची सोय झाली. १८९० च्या सुमारास व्हिल्हेल्म स्टॉर्क यांनी शुद्ध विरजणाचे शास्त्र सिद्ध केले आणि लोण्याची चव सर्वत्र सारखी ठेवणे शक्य झाले.

आणि परीक्षा कशी घेत ती पाहा. १८८९ पासून कोपनहेगनच्या प्रयोगशाळेकडून एखाद्या दुग्धालयाला अकस्मात तार जाई : आज तयार असलेल्या लोण्याचे पिंप ताबडतोब पाठवा. निवडून, सजवून पाठविण्यास अवकाशच नसे. तेथे तज्ज्ञ ते लोणी चाखून, तपासून गुण देत. पुढे १९०६ पासून निर्यातीच्या लोण्यावर ठरलेली राष्ट्रीय मुद्रा असणे कायद्याने आवश्यक झाले. परिणाम असा की, इंग्लंडच्या बाजारात डेन्मार्कचे लोणी पिंप न उघडताही विश्वासाने घेतले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या आधी इंग्लंडला सर्वांत अधिक लोणी पुरविणारा देश हाच होता.

येथे एक खुलासा करणे प्रामाणिकपणाचे होईल. ही सारी किमया लोकविद्यालयांचीच, असे पूर्वी सांगत असत. मार्कुस लांपे व पॉल शार्प या अर्थेतिहासकारांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, सुधारलेल्या दुग्धव्यवसायाचे ज्ञान व हिशेबाची शिस्त आधी शंभर वर्षे जमीनदारांच्या वाड्यांवर मुरत होती. तेव्हा विद्या एका रात्रीत उगवली नाही. १८८२ नंतर घडले ते असे की, वाड्यावरची विद्या झोपडीपर्यंत पोहोचली. आणि ती पोहोचली याचे कारण झोपडीतील माणूस ती घ्यावयास तयार झालेला होता.

तसेच या बदलाची किंमत कोणी मोजलीच नाही, असेही समजू नये. त्या अर्धशतकात दोन लाखांहून अधिक डेन लोक देश सोडून मुख्यतः अमेरिकेत गेले. चढाओढीचे चाक फिरते तेव्हा काहीजण त्याखाली सापडतात. म्हणूनच पडलेल्याला हात देणे हे समाजाचे कर्तव्य ठरते.

शेजारी आयर्लंड

याच काळात कॅथोलिक आयर्लंडचे काय झाले? आयर्लंडची कुरणे हिरवीगार, इंग्लंडची बाजारपेठ तर हाकेच्या अंतरावर. आयरिश लोणी पूर्वीपासून प्रसिद्ध होते. परंतु ते घरोघर काढलेले, भरपूर मीठ घातलेले, आणि हिवाळ्यात जवळजवळ न मिळणारे असे. डेन लोकांनी गायींना गोठ्यात चारा घालून हिवाळ्यातही ताजे लोणी पुरविले आणि आयर्लंडचे गिऱ्हाईक नेले. आयरिश माणूस आळशी नव्हता वा निरक्षरही नव्हता. परंतु जमीनदार व कूळ यांच्या झगड्यांत आणि परस्परांवरील अविश्वासात त्याची शक्ती खर्च होत होती.

तेथेही जागृती झाली. हॉरेस प्लंकेट या प्रॉटेस्टंट गृहस्थाच्या प्रयत्नांनी १८८९ मध्ये पहिले सहकारी दुग्धालय निघाले. १८९४ मध्ये सहकारी संस्थांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली, तेव्हा त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते ते येशूसंघीय फादर थॉमस फिन्ले. ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि खेड्यापाड्यांत फिरून शेतकऱ्यांना सहकार समजावून सांगत. त्यांच्या श्रमांस फळ आले. परंतु डेन्मार्कने मिळविलेली आघाडी मोडणे सोपे नव्हते. जो आधी शिकला, तो आधी पोहोचला.

विद्वान काय म्हणतात

या अनुभवाला पुढे शास्त्राचा आधार मिळाला. अमेरिकेचे रॉबर्ट सोलो यांनी १९५७ मध्ये आपल्या देशाचा १९०९ ते १९४९ या काळाचा हिशेब मांडला. दर तासाच्या श्रमामागे उत्पादन दुपटीने वाढले होते, परंतु यंत्रे व इमारती यांच्या वाढीमुळे त्यातील जेमतेम एक अष्टमांश वाढ झालेली दिसली. उरलेले सात हिस्से काम करण्याच्या सुधारलेल्या पद्धतींचे, म्हणजे ज्ञान व कौशल्य यांचे होते.

थिओडोर शुल्ट्झ हे शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ. शिक्षण, आरोग्य व कौशल्य यांवरचा खर्च हा खर्च नसून गुंतवणूक आहे, हे त्यांनी १९६० च्या सुमारास ठासून सांगितले. या संपत्तीला 'मानवी भांडवल' असे नाव रूढ झाले. १९६४ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी उत्तर प्रदेशातील सेनापूर या खेड्याच्या पाहणीचा आधार घेऊन म्हटले की, गरीब शेतकरी अडाणीपणाने शेती करीत नाही. जुन्या साधनांतून जेवढे निघेल तेवढे तो काढतोच. त्याला उणे आहे ते नवे ज्ञान. या विद्वानाला १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

आणि चढाओढीचे काय? फिलिप आगियाँ व पीटर हाउइट यांना २०२५ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, तो नवे जुन्याची जागा घेते आणि त्यातून वाढ होते हे गणिताने मांडल्याबद्दल. आगियाँ व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात एक मार्मिक गोष्ट आढळली. जो पुढच्याच्या जवळ आहे तो चढाओढ वाढली की अधिक जोराने धावतो. जो फार मागे पडला आहे त्याचे मात्र अवसान गळते. शर्यत तीच, पण एकाला ती चेतविते आणि दुसऱ्याला खचविते. आणि ज्ञानात माणूस किती मागे पडतो, हे ठरविण्यात शाळेचा वाटा मोठा आहे.

आपल्या शेजारची साक्ष

याची दुसरी बाजू वडोदऱ्याजवळच्या खेडा जिल्ह्यात दिसली. १९४६ पूर्वी तेथील शेतकऱ्यांचे दूध घेण्याचा मक्ता एका खाजगी कंपनीकडे होता. घेणारा एकच असला की दूध चांगले काढा वा वाईट, भाव त्याच्या मनचा. जेथे चढाओढच नाही तेथे कौशल्याला दाम मिळत नाही, आणि दाम नसला की कौशल्य मिळविण्याची इच्छाही मरते.

सरदार वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्याने शेतकऱ्यांनी दूध घालणे बंद केले. त्रिभुवनदास पटेल यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९४६ मध्ये त्यांचा स्वतःचा सहकारी संघ नोंदला गेला. आरंभी दोन गावांच्या संस्था आणि दिवसाला सुमारे अडीचशे लिटर दूध, एवढीच पुंजी होती. परंतु १९४९ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून आलेले व्हर्गीस कुरियन आणंदला आले आणि त्यांच्या जोडीला एच. एम. दलाया हे दुग्धतज्ज्ञ आले. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊच शकत नाही, असे परदेशी तज्ज्ञ सांगत होते. दलायांनी ती करून दाखविली आणि १९५५ मध्ये आणंदला तिचा कारखाना सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ दूध मोजून, फॅट पाहून दाम देण्याची रीतही तेथे रुजली. गावकऱ्यांची एकी, शिकलेल्यांची विद्या आणि खुली झालेली बाजारपेठ एकत्र आल्यावर 'अमूल' उभे राहिले.

वडोदऱ्याच्या वाचकांना आणखी एक गोष्ट अभिमानाने आठवेल. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. विद्या हेच प्रजेचे भांडवल, हे त्या राजाने नोबेल पारितोषिकांच्या कितीतरी आधी ओळखले होते.

तेव्हा आपण काय करावे?

वाचकहो, बाजार आपल्याला विचारून येत नाही. अमेरिकेचा गहू डेन्मार्कला विचारून आला नव्हता. तो आला तेव्हा ते लोक उभे राहू शकले, कारण मुलांना शाळेत घालण्याचे काम त्यांच्या आज्यापणज्यांनी आधीच करून ठेवले होते. संकट दारात आल्यावर शाळा बांधून भागत नाही.

म्हणून, "उद्या दूधच घालायचे ना?" असे म्हणणाऱ्या वडिलांना इतकेच सांगावेसे वाटते की, होय, कदाचित तुमचा मुलगा दूधच घालील. परंतु डेअरीच्या चिठ्ठीवरचा फॅटचा आकडा त्याला कळेल का? संस्थेच्या वार्षिक सभेत जमाखर्च वाचून दाखवितात, तेव्हा उभे राहून एक प्रश्न विचारण्याचे धैर्य त्याच्या अंगी असेल का? गुरांच्या डॉक्टराने लिहून दिलेली चिठ्ठी तुमच्या सुनेला वाचता येईल का? दूध घालणारा आणि जाणून दूध घालणारा यांत हाच फरक आहे, आणि बाजारात दोघांना मिळणारा दाम सारखा नसतो.

या जूनमध्ये शाळा उघडतील. कोणाला शाळेत पाठवायचे आणि कोणाला गोठ्यात, याचा निर्णय आपल्या पुष्कळ घरांत त्याआधीच्या काही रात्रींत, चुलीजवळ बसून होईल. त्या रात्री डेन्मार्कच्या त्या दोन गायींच्या कुणब्याची आठवण ठेवा. त्याच्याजवळ फार काही नव्हते. कागद मात्र त्याला वाचता येत होता.